सही कोणाच्या हाती?
ग्रामपंचायतीतील संगणक, डोंगल आणि मोबाईल यांची राखण

नागपूरच्या आग्नेयेस सुमारे ४५ किलोमीटरवर वसलेले उमरेड हे जुने बाजारपेठेचे गाव आहे. १८६७ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. रेशमी काठाच्या सुती कापडाचे विणकाम, मिरचीचा व्यापार आणि पुढील काळात कोळशाची खाण यांनी या गावाला ओळख दिली. तालुक्यातील बेला, सिर्सी, मकरधोकडा, पाचगाव यांसारख्या गावांच्या ग्रामपंचायतींचा कारभार दीर्घकाळ एका लोखंडी कपाटात मावत असे. नमुना १ ते ३३ च्या नोंदवह्या, धनादेशपुस्तिका, शाईची गादी आणि पंचायतीचा गोल शिक्का, एवढाच तो पसारा. कपाटाची किल्ली ग्रामसेवकाकडे असते आणि धनादेशावर सरपंचाची व ग्रामसेवकाची अशा दोन सह्या लागतात, हे गावातील शाळकरी मुलालाही ठाऊक असे.

आता त्या कपाटातील बराचसा ऐवज संगणकात गेला आहे. २०११ पासून ‘संग्राम’ प्रकल्पाद्वारे आणि २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्रां’द्वारे ग्रामपंचायतींत संगणक व संगणक परिचालक आले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाचे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळ सुरू झाले आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील देयके धनादेशाऐवजी त्या मार्गाने अदा होऊ लागली. शिक्क्याची जागा अंगठ्याएवढ्या डोंगलने घेतली. ते डोंगल कोणाकडे असते, असा प्रश्न मात्र ग्रामसभेत क्वचितच विचारला जातो. पुष्कळ ठिकाणी त्याचे खरे उत्तर ‘परिचालकाच्या खणात’ असे आहे, ही चिंतेची बाब होय.

दोन किल्ल्यांचे गणित

डिजिटल स्वाक्षरी म्हणजे कागदावरील सहीचे छायाचित्र, असा समज अद्याप अनेक कार्यालयांत आढळतो. तो समूळ चुकीचा आहे. १९७६ साली व्हिटफिल्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ती व्यवहारात आणण्याची रीत शोधून काढली. या रीतीत किल्ल्यांची जोडी असते. एक किल्ली गुप्त असून ती केवळ धारकाजवळ राहते. दुसरी जगजाहीर असते. गुप्त किल्लीने दस्तऐवजावर केलेली खूण जाहीर किल्लीने पडताळता येते, परंतु जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली शोधून काढणे व्यवहारतः अशक्य असते. सामान्यतः वापरली जाणारी २०४८ बिटांची किल्ली दशमान पद्धतीत लिहावयाची झाल्यास तिच्या मुळाशी असलेली संख्या ६१७ अंकांची भरते.

ही गुप्त किल्ली डोंगलमधील लहानशा चिपमध्ये तयार होते आणि तेथून बाहेर पडत नाही. डोंगल संगणकास जोडले, पिन दिला, की सहीचे काम चिपमध्येच उरकले जाते आणि केवळ तयार सही बाहेर येते. डोंगलची नक्कल करणे जवळपास अशक्य असते, ते यामुळेच. पिन ठराविक वेळा चुकल्यास डोंगल स्वतःहून बंद पडते. एवढा चोख बंदोबस्त असताना फसगत व्हावी कोठून? तर ती नेमकी माणसाच्या बाजूने होते. डोंगल चोरावे लागत नाही, ते उसने मिळते. पिन फोडावा लागत नाही, तो विचारल्याबरोबर सांगितला जातो. कित्येकदा विचारण्याचीही गरज पडत नाही, कारण अनेक डोंगलांचा कारखान्यातून येणारा पिन १ ते ८ हे आकडे ओळीने असाच असतो आणि तो बदलण्याची तसदी घेतली जात नाही.

कागदावरील सही आणि ही सही यांत एक मोठा फरक आहे व तो पंचायत सदस्यांनी नीट ध्यानी घ्यावयास हवा. धनादेशावर सरपंचाऐवजी दुसऱ्याच कोणी सही ठोकली तर वळण निराळे दिसते. बँकेतील कर्मचाऱ्यास शंका येते, वेळ पडल्यास हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत घेता येते. डिजिटल सहीत खोटे वळण नसते. सरपंचाने स्वतः केलेली सही आणि सरपंचाच्या डोंगलने दुसऱ्याने केलेली सही या दोन्ही गणिताच्या दृष्टीने अक्षरशः एकच होत. ‘ही माझी सही नव्हे’ असे म्हणण्यास धारकाजवळ काही पुरावा उरत नाही.

कायद्याने हे ओळखले आहे. १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात असलेल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ५ ने अशा सहीला कागदावरील सहीची मान्यता दिली. त्याच अधिनियमाच्या कलम ४२ ने धारकावर जबाबदारीही टाकली. गुप्त किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी धारकाने घ्यावयाची आहे आणि ती दुसऱ्याच्या हाती गेल्याचे कळताच प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेस विनाविलंब कळवावयाचे आहे. कळवीपर्यंत घडलेल्या व्यवहारांचे उत्तरदायित्व धारकाचेच राहते. दुसऱ्याची डिजिटल सही किंवा संकेतशब्द लबाडीने वापरणाऱ्यास कलम ६६-सी खाली ३ वर्षांपर्यंत कारावास व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु विश्वासाने स्वतःहून दिलेल्या डोंगलच्या बाबतीत लबाडी सिद्ध करताना फिर्यादी पक्षाची किती ओढाताण होईल, हे वेगळे सांगावयास नको.

महिला सरपंचांचा प्रश्न

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज संस्थांत महिलांसाठी ५० टक्के जागा राखीव आहेत. त्यामुळे हजारो भगिनी सरपंचपदी आल्या, आणि ‘सरपंचपती’ हा शब्दही त्यांच्यासोबत रूढ झाला. कागदाच्या काळात निदान सहीसाठी तरी धनादेशपुस्तिका त्या भगिनीच्या समोर येत असे. रक्कम किती, कोणाच्या नावे, हे एकदा तरी तिच्या नजरेखालून जाई. डोंगल व पिन घरातील पुरुषाकडे किंवा कार्यालयात राहिल्यास तेवढाही संबंध तुटतो. तिच्या नावावर पैसे खर्च होतात आणि पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, तर नोटीस तिच्याच नावाने येते.

ई-ग्रामस्वराजवरील रचना मुळात अशी आहे की देयकाची नोंद एकाने करावी आणि मंजुरी दुसऱ्याने द्यावी. साधारणतः पहिले काम ग्रामसेवकाचे (२०२४ च्या शासननिर्णयानंतर त्यांस ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) आणि दुसरे सरपंचाचे. धनादेशावरील दोन सह्यांमागे जो विचार होता तोच येथे आहे. दोन्ही डोंगले एकाच खणात आणि दोन्ही पिन एकाच वहीत असतील, तर दोन सह्यांची तरतूद नावापुरती राहते. याचा दोष परिचालकावर टाकून भागणार नाही. तुटपुंज्या मानधनावर दाखले, नोंदी, ऑनलाइन अर्ज आणि वरिष्ठांच्या तातडीच्या माहित्या सांभाळणाऱ्या त्या तरुणाकडे डोंगल जाते, ते बहुधा सरपंच व ग्रामसेवक यांच्या सोयीसाठी. वादाच्या प्रसंगी मात्र सर्वप्रथम संशय त्याच्यावरच येतो. डोंगल न स्वीकारणे हे त्याच्याही हिताचे आहे.

चव्हाट्यावरील मते

पंचायत समितीच्या आवारात, शाळेच्या शिक्षककक्षात किंवा बसथांब्यावरील चहाच्या टपरीवर यंत्रांविषयी नाना मते ऐकू येतात. ‘आपल्या फोनात चोरण्यासारखे आहे तरी काय?’ हे त्यांतील सर्वांत प्रचलित मत. त्याखालोखाल ‘अपडेट घेतले की फोन मंद होतो’, ‘अँटीव्हायरस टाकला म्हणजे झाले’, ‘फोन आपले बोलणे ऐकतो’ अशी मते येतात. ही मते हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. काहींत तथ्याचा अंश आहे.

अपडेटचेच पाहा. जुनी बॅटरी असलेल्या आपल्या फोनांचा वेग आपण नव्या आज्ञावलीद्वारे मर्यादित केल्याचे ॲपल कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले आणि पुढे अमेरिकेतील दाव्यात मोठ्या रकमेची तडजोडही केली. १९ जुलै २०२४ रोजी तर क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले आणि आपल्या देशातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. म्हणजे अपडेट ही निर्दोष वस्तू नव्हे. परंतु ती न घेण्याचे परिणाम कितीतरी अधिक वाईट असतात, आणि त्याचे उदाहरण एका ग्रामपंचायतीनेच पुरविले आहे.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाची खंडणीखोर आज्ञावली जगात पसरली. ती संगणकातील फायली कुलूपबंद करी आणि सोडविण्यासाठी ३०० डॉलरची मागणी करी. ती ज्या छिद्रातून शिरत होती ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्च रोजीच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांचे संगणक बळी पडले. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक यंत्रांत केरळमधील वायनाड जिल्ह्याच्या तरियोड ग्रामपंचायतीतील संगणकही होते. खंडणीखोराने त्या पंचायतीचा शोध घेतला नव्हता. ‘आपल्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय’ या मताला तरियोडचे उदाहरण हे पुरेसे उत्तर आहे. अशी आज्ञावली माणूस बघून येत नाही, उघडे दार बघून येते.

या दृष्टीने पंचायतीतील संगणकांची पाहणी करण्यासारखी आहे. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. विंडोज १० ची नियमित दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. जुन्या यंत्रांपैकी अनेकांत विंडोज ११ चालत नाही, कारण त्यासाठी लागणारी सुरक्षा-चिप त्यांत नसते. अशा यंत्रावर करवसुलीची नोंद ठेवणे एक वेळ चालेल, परंतु त्यालाच डोंगल जोडून लाखोंची देयके अदा करणे धोक्याचे आहे. तालुक्यातील कोणत्या कार्यालयात कोणती आज्ञावली चालते, याची साधी यादी गटविकास अधिकाऱ्यांनी केली तरी बरेच काम होईल. मोबाईललाही हाच नियम लागू आहे. गुगल व सॅमसंग या कंपन्यांनी २०२३-२४ पासून आपल्या वरच्या श्रेणीतील फोनांना सात वर्षे दुरुस्ती देण्याचे जाहीर केले. स्वस्त फोनांना ती अनेकदा दोनतीन वर्षेच मिळते. फोन घेताना कॅमेऱ्याची चौकशी सगळेच करतात, ही चौकशी फारसे कोणी करीत नाही.

फोन बोलणे ऐकतो की नाही, याविषयी २०१८ मध्ये अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी १७ हजारांहून अधिक ॲप तपासली. परवानगीवाचून ध्वनिमुद्रण करून ते बाहेर पाठविल्याचे त्यांना आढळले नाही. काही ॲप पडद्यावरील हालचालींचे चित्रण बाहेर पाठवितात, हे मात्र आढळले. भीती एकीकडची आणि भोक दुसरीकडे, असा हा प्रकार आहे.

महाराष्ट्राने पाहिलेली दोन प्रकरणे

मोठ्या संस्थांनाही यातून सुटका नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या आज्ञावलीने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या यंत्रणा ठप्प केल्या आणि तिच्या समूहाकडून चालविले जाणारे न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील कंटेनर टर्मिनल बंद पडले. ही आज्ञावली युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरली होती. युक्रेनमधील हिशेबनीसाच्या संगणकातून निघालेली कीड रायगड जिल्ह्यातील ट्रकांच्या रांगेपर्यंत पोहोचली.

दुसरे प्रकरण पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे. ऑगस्ट २०१८ मध्ये बँकेची एटीएम यंत्रणा ज्या संगणकाकडे ‘पैसे द्यावेत काय’ अशी विचारणा करते, त्याच्या जागी चोरट्यांनी आपला बनावट संगणक उभा केला. तो प्रत्येक मागणीस ‘होय’ म्हणत राहिला. ११ ऑगस्ट रोजी काही तासांत २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी हजारो वेळा पैसे काढण्यात आले आणि १३ ऑगस्ट रोजी आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाद्वारे हाँगकाँगकडे आणखी रक्कम गेली. एकूण नुकसान सुमारे ९४ कोटी रुपयांचे झाले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरविले. येथे ग्राहकांच्या खात्यांतील रकमांना धक्का लागला नाही, नुकसान बँकेचे झाले. तथापि मंजुरी देणाराच बनावट असला तर बाकीची सर्व व्यवस्था प्रामाणिकपणे चालूनही पैसा जातो, हे या प्रकरणाने दाखविले. दुसऱ्याच्या हाती असलेल्या सरपंचाच्या डोंगलची गोष्ट याहून फारशी वेगळी नाही.

फसवणुकीच्या चालू वाटा

खेड्यातील माणसापर्यंत पोहोचणारी फसवणूक याहून साधी असते. लग्नपत्रिका, वाहतूक दंडाची पावती किंवा शेतकरी सन्मान निधीची यादी म्हणून व्हॉट्सॲपवर एक फाईल येते. फाईलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतील, तर ती पत्रिका नसून ॲप असते. ते उघडून परवानग्या दिल्या की फोनवर येणारे ओटीपीचे संदेश परस्पर दुसऱ्याकडे जाऊ लागतात. पत्रिका बहुधा ओळखीच्या क्रमांकावरूनच येते, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच हाती गेलेला असतो. दुसरी वाट दूरस्थ नियंत्रणाच्या ॲपची. ‘केवायसी करून देतो’ असे सांगून असे ॲप टाकावयास लावले जाते. याविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते.

तिसरी वाट अंगठ्याची. आधारशी जोडलेल्या खात्यातून बोटाच्या ठशावर पैसे काढता येतात व त्यास ओटीपी लागत नाही. नोंदणीकृत दस्तांवरील ठशांच्या नकला करून असे पैसे काढल्याचे प्रकार काही राज्यांत उघडकीस आले आहेत. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी दिला गेला. त्यानंतर ही व्यवस्था घरोघर पोहोचली, परंतु तिला कुलूप लावण्याची सोय पुष्कळांना ठाऊक नाही. आधारच्या अधिकृत ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून ठशांचा वापर बंद ठेवता येतो आणि गरजेपुरता उघडता येतो. ज्यांना ठशावर पैसे काढावेच लागत नाहीत, त्यांनी तो बंद ठेवणे इष्ट होय.

शिक्षकांनी येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरण्याच्या घाईत मुलांच्या आधारकार्डांची छायाचित्रे पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर मागविली जातात व तेथेच वर्षानुवर्षे पडून राहतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने बालकांच्या माहितीस विशेष संरक्षण दिले आहे. गटावर न मागविता एकेका पालकाकडून घ्यावी व नोंद झाल्यावर पुसून टाकावी, हे आजही सहज करता येण्याजोगे आहे. जेथे पूर्ण क्रमांकाची गरज नाही तेथे शेवटचे चारच अंक दाखविणारे आधार चालते.

पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर लागलीच कळवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असते आणि मध्येच गोठविता आली तरच परत मिळण्याची आशा असते. म्हणून येथे तासांचे नव्हे, मिनिटांचे मोल आहे. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात ग्राहकाची चूक नसताना तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास त्याचे दायित्व शून्य ठरविले गेले. परंतु ओटीपी स्वतः सांगितला असल्यास, कळवीपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच. फोन हरवला तर ‘संचार साथी’ या दूरसंचार विभागाच्या संकेतस्थळावरून तो देशभर बंद करता येतो. त्यासाठी आयएमईआय हा १५ अंकी क्रमांक लागतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश अशी बटणे दाबल्यास तो पडद्यावर दिसतो. फोन हाती असतानाच तो वहीत टिपून ठेवावा लागतो, हे उघड आहे.

पदभार देताना

नव्या ग्रामपंचायतीची निवडणूक झाली किंवा प्रशासक नेमले गेले, की पदभाराची यादी होते. त्यात कपाट, खुर्च्या, शिक्का, रोकडवही अशी एकेक बाब लिहून घेतली जाते. अलीकडे काही याद्यांत ‘डोंगल, नग १’ अशी नोंद सरळसोट केलेली असते. ही नोंदच मुळात गैर आहे. शिक्का पंचायतीचा असतो, डोंगलमधील सही व्यक्तीची असते. मावळत्या सरपंचाने ते कोणाच्याही हवाली करावयाचे नसून आपले प्रमाणपत्र रद्द करून घ्यावयाचे आहे. ई-ग्रामस्वराज व सार्वजनिक वित्त व्यवस्थापन प्रणालीतील त्याची नोंद पंचायत समितीमार्फत काढून टाकावयाची आहे, आणि नव्या सरपंचाने आपल्या नावाचे नवे प्रमाणपत्र घेऊन त्याचा पिन पहिल्याच दिवशी स्वतःच्या हाताने बदलावयाचा आहे. पदभाराच्या यादीत डोंगलसमोर लिहावयाचे ते एवढेच : ‘प्रमाणपत्र रद्द केले, दिनांक अमुक’, आणि त्याखाली शाईची सही.